जालन्याच्या पायाखालचा खडक

विहीर खणावयास निघालेला मनुष्य प्रथम पाणाड्याला बोलावतो. पाणाड्या नारळ किंवा कडुनिंबाची फांदी घेऊन शेतात फिरतो, एका जागी थांबतो आणि 'इथे सात परसांवर पाणी आहे' असे सांगतो. कधी पाणी लागते, कधी लागत नाही. लागले तर पाणाड्याची कीर्ती होते, न लागले तर शेतकऱ्याच्या नशिबाला बोल लागतो. या साऱ्या व्यवहारात ज्याला कोणी काही विचारीत नाही असा एकच साक्षीदार असतो, आणि तो म्हणजे खडक. पाणी आहे की नाही, किती आहे आणि किती दिवस पुरेल, हे ठरविणारा वस्तुतः तोच होय. आजच्या या विवेचनात आम्ही त्या साक्षीदाराची जबानी नागरिकांपुढे ठेवणार आहोत. भूशास्त्र हा विषय रुक्ष आहे असा समज आहे. परंतु ज्या गावाने उन्हाळ्यात टँकरपुढे रांगा लावल्या आहेत, त्या गावाला हा विषय रुक्ष वाटण्याचे कारण नाही.

प्रथम भूमीची ठेवण पाहू. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात होता, आणि परतूरकडील भाग परभणी जिल्ह्यात. जिल्ह्याच्या उत्तर अंगाला अजिंठ्याच्या डोंगररांगा आहेत, दक्षिणेची सीमा गोदावरीने आखली आहे. भोकरदन आणि जाफराबादकडून निघालेला मनुष्य दक्षिणेस अंबड, घनसावंगीकडे चालू लागला तर सामान्यपणे तो उतरत जातो. वाटेत त्याला पूर्णा, दुधना आणि त्यांस मिळणाऱ्या केळना, गिरजा, कुंडलिका अशा नद्या लागतात. या सर्वांचे पाणी अखेर गोदावरीच्या पदरात पडते. मधूनमधून सपाट माथ्याच्या टेकड्या दिसतात. राजूरचा गणपती अशाच एका उंचवट्यावर आहे. अंबडची मत्स्योदरी देवी ज्या टेकडीवर बसली आहे, तिचा आकार माशासारखा आहे म्हणून देवीला ते नाव पडले. डोंगर असो, टेकडी असो वा कुंडलिकेचे पात्र असो, कोठेही कुदळ मारली तरी खाली लागतो तो एकच काळा पाषाण. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात.

खडक आला कोठून?

दख्खनच्या या काळ्या खडकाला 'डेक्कन ट्रॅप' हे नाव प्रचारात आणण्याचे श्रेय कर्नल साइक्स यांना देतात. त्यांचा दख्खनच्या भूरचनेवरील निबंध १८३३ च्या सुमाराचा आहे. 'ट्रॅप' हा शब्द मूळचा स्वीडिश असून त्याचा अर्थ जिना असा आहे. घाटातून जाताना डोंगराच्या कड्यांकडे पाहिले म्हणजे हे नाव किती समर्पक आहे ते पटते. कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, अशी पायऱ्यांची रचना सर्वत्र दिसते. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्हारसाचा एकेक स्वतंत्र लोट होय.

ज्वालामुखी म्हटले की शिखरातून धूर ओकणारा शंकूच्या आकाराचा पर्वत आपल्या डोळ्यांपुढे येतो. दख्खनचा प्रकार त्याहून निराळा होता. येथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हा उतू जाणाऱ्या दुधाप्रमाणे बाहेर पडून दूरवर पसरला. एक लोट निवाला की काही काळ शांततेचा जाई. मग त्याच्यावर दुसरा लोट येई. अशा रीतीने थरावर थर बसले. हे घडले सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि त्यांतील फार मोठा भाग दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला असे अलीकडील कालमापनावरून दिसते. त्या वेळी भारताचा भूखंड आशियाला भिडलेला नव्हता. तो विषुववृत्ताच्या दक्षिणेस, हिंदी महासागरात, उत्तरेकडे सरकत होता. आज जेथे रियुनियन नावाचे बेट आहे, त्या भागात पृथ्वीच्या पोटातून उष्णतेचा एक झोत वर येतो. भारतभूमी त्या झोतावरून जात असताना हा उद्रेक झाला, असे मत आज सर्वसाधारणपणे मान्य आहे.

इतक्या मोठ्या काळाचा अंदाज मनाला येत नाही. म्हणून आम्ही एक सोपे माप सुचवितो. एक हजार वर्षे म्हणजे एक मिलिमीटर धरा. त्या मापाने सातवाहनांचा काळ आपल्यापासून अवघ्या दोन मिलिमीटरांवर येतो, आणि आपल्या पायाखालचा खडक ६६ मीटर खोल जातो. एखाद्या खोल कूपनलिकेएवढे हे अंतर झाले.

याच काळाच्या आगेमागे पृथ्वीवरून प्रचंड देहाचे डायनासोर नाहीसे झाले. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कोसळलेली उल्का त्याला कारण झाली, की दख्खनच्या उद्रेकातून निघालेल्या वायूंनीही त्यात हात लावला, याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे. तो वाद मिटेल तेव्हा मिटो. जगाच्या इतिहासातील एवढ्या मोठ्या घटनेचा पुरावा ज्या खडकात शोधला जातो, त्याच खडकाचे जोते आपल्या घरांना आहे, ही गोष्ट जालनेकरांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आज हा खडक भारतात सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला असून महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग त्याने झाकला आहे. भूवैज्ञानिकांनी त्यातील थरांचे गट पाडले आहेत. पश्चिम घाटातील गटांना तिकडील गावांची आणि शिखरांची नावे मिळाली, तर आपल्या बाजूच्या टापूतील गटांना अजिंठा, चिखली, बुलढाणा अशी ओळखीची नावे मिळाली. ज्या गावाजवळ थर चांगला उघडा पडलेला दिसतो, त्या गावाचे नाव त्याला द्यावयाचे, असा या शास्त्राचा रिवाज आहे.

एका थराची घडण

आता एकच लोट घेऊन त्याची आतील रचना पाहू, कारण पुढे जो पाण्याचा हिशेब मांडावयाचा आहे त्याची किल्ली येथेच आहे. लाव्हा पसरतो तेव्हा त्यात वायू विरघळलेले असतात. वरचे वजन कमी झाले की ते बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊ लागतात. लोटाचा माथा हवेत लवकर निवतो आणि बुडबुडे तेथेच अडकतात. म्हणून प्रत्येक थराचा वरचा भाग जाळीदार, भोकाभोकांचा असतो. विहीर खणणारे कामगार त्याला मांजऱ्या म्हणतात. पहारीने तो सुटतो. मधला भाग मात्र सावकाश निवतो, त्यात बुडबुडे राहत नाहीत, आणि तो घट्ट, काळाभोर, अखंड होतो. याला सुरुंगाशिवाय दाद नसते. निवताना तो आकसतो, म्हणून त्यात उभ्या भेगा पडतात. क्वचित त्या भेगा इतक्या नेटक्या पडतात की खडकाचे बहुकोनी खांबच तयार होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशा खांबांसाठी प्रसिद्ध आहे.

दोन लोटांच्या मधल्या शांततेच्या काळात खालच्या थराचा माथा ऊनपावसाने कुजतो. त्यावर पुढचा तप्त लोट आला की ही माती भाजून विटेसारखी लाल होते. विहिरीच्या भिंतीत काळ्या खडकाच्या मधोमध गेरूचा लाल पट्टा दिसतो, तो हाच. काही ठिकाणी या पट्ट्यात ज्वालामुखीची राखही असते. पट्टा जाडीने लहान असतो, पण त्याचे महत्त्व मोठे. तो चिकणा असल्याने पाणी सहसा त्यातून खाली उतरत नाही, वरच अडून आडवे वाहू लागते. शिवाय ओला झाला की फुगतो आणि ढासळतो. कूपनलिका खणताना गेरू लागला तर नळी घालून तो भाग बंद करावा लागतो, नाही तर भोक बुजते. हे आपल्याकडील मशीनवाल्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

जाळीदार भागातील पोकळ्या पुष्कळदा रिकाम्या राहत नाहीत. गरम पाण्यातून विरघळून आलेली द्रव्ये त्यांत साचून झिओलाइट जातीचे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक तयार होतात. गारगोटी आणि अकीक हे दगडही अशाच पोकळ्यांत घडतात. या अकिकाचा आणि आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. या गावच्या दात्यांची नावे भरहुत आणि सांची येथील लेखांत आढळतात. १९७३ च्या सुमारास डॉ. शां. भा. देव आणि डॉ. रा. श्री. गुप्ते यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे उत्खनन झाले, त्यात सातवाहनकालीन वस्तीबरोबर रंगीत दगडांचे मणी सापडले. ज्या भूमीत सोन्याचांदीची खाण नाही, त्या भूमीतील कारागिरांनी खडकाच्या बुडबुड्यांत दडलेल्या दगडातून अलंकार निर्माण केले. त्याच भोकरदनला नदीकाठी काळ्या पाषाणात खोदलेले लेणे आहे. जिल्ह्याच्या सीमेपलीकडे अजिंठा आणि वेरूळ आहेतच. खडक जाड, आडवा आणि एकसंध मिळाला म्हणून तेथील शिल्पींना एवढे धाडस करता आले.

जालना आज लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांसाठी विख्यात आहे. तेव्हा येथील खडकात लोखंड असेल काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. आहे. बेसाल्टच्या वजनात लोहाच्या संयुगांचा वाटा दहा टक्क्यांहून अधिक असतो, खडकाचा काळा रंग आणि जडपणा पुष्कळ अंशी त्यामुळेच आहे. परंतु ते लोखंड इतर खनिजांत असे मिसळून गेले आहे की वेगळे काढणे परवडत नाही. म्हणून आपल्या भट्ट्या बाहेरून आणलेल्या कच्च्या मालावर आणि मोडीवर चालतात, आणि घरचा खडक खडी होऊन रस्त्याखाली आणि रुळाखाली जातो.

थरांच्या खाली काय आहे?

पश्चिम घाटात या थरांची एकूण जाडी दोन हजार मीटरांच्या घरात जाते. पूर्वेकडे ती कमी होत होत नांदेड जिल्ह्याच्या देगलूर, बिलोलीकडील भागात संपते, आणि तेथे खालचा अतिप्राचीन ग्रॅनाइट व नाइस जातीचा खडक उघडा पडतो. जालना या दोहोंच्या मध्ये आहे. लातूर जिल्ह्यात ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीचा भूकंप झाल्यानंतर तेथे खोल भोक घेऊन तपासणी करण्यात आली. सुमारे ३३८ मीटरांवर बेसाल्ट संपला आणि जुना खडक लागला. कोयनेच्या परिसरात घेतलेल्या भोकात तो सुमारे ९३० मीटरांवर लागला. यावरून आपल्याही पायाखाली बेसाल्टची जाडी शेकडो मीटर असली पाहिजे, हे उघड आहे.

आमच्या शेजारीच निसर्गाने या खडकाला एक प्रचंड भोक पाडून ठेवले आहे. मंठ्याच्या ईशान्येकडे, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर पूर्वी ज्वालामुखीचे मानले जाई. परंतु प्रचंड आघाताखेरीज तयार होऊ न शकणारी काच तेथील खडकात सापडली, आणि १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते उल्केच्या आघाताने झाले हे सिद्ध झाले. बेसाल्ट खडकात पडलेले आणि इतके चांगले टिकलेले आघातविवर जगात दुर्मिळ आहे. लोणारच्या उतारावरून खाली जाताना एकावर एक बसलेले लाव्हाचे थर डोळ्यांनी पाहता येतात. शाळेच्या सहली तेथे जातात तेव्हा मुलांना मंदिरांबरोबर हे थरही दाखवावेत, अशी आमची शिक्षकांस विनंती आहे.

माती, मुरूम आणि गाळ

खडक अमर नाही. पाणी भेगांतून शिरते, खनिजे कुजतात, आणि घट्ट पाषाणाचे कांद्यासारखे पापुद्रे सुटू लागतात. रस्त्याच्या कडेला कापलेल्या टेकडीत मधे काळा गोटा आणि भोवती पिवळसर पापुद्रे असे दृश्य आपण नेहमी पाहतो. याच क्रियेने मुरूम होतो आणि पुढे मुरमाची माती होते. उंचावरील माती पावसाने वाहून जाते, म्हणून माळावर हलकी बरड जमीन राहते. सखल भागात ती साचते आणि तेथे खोल काळी जमीन मिळते. काळ्या जमिनीतील चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा दाखवते. तिच्या अंगी ओल धरण्याचा गुण मोठा, म्हणून रब्बीची ज्वारी तिच्यावर पावसाविना उभी राहते. पण एकदा ती फुगली की पाणी खाली खडकात सहज उतरू देत नाही, हा तिचा दुसरा गुणही विसरता कामा नये.

गोदावरीच्या काठी, आणि पूर्णा, दुधना यांच्या काठच्या अरुंद पट्ट्यांत, खडकावर नद्यांनी आणलेला गाळ आहे. त्यात वाळू, गोटे आणि चुनखडीचे खडे मिळतात. याच गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिक जिल्ह्यात नांदूर मध्यमेश्वर येथे, अशा जुन्या गाळात नामशेष झालेल्या हत्तीची कवटी सापडली, तिचे वर्णन १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. समर्थ रामदासांच्या जन्माने पुनीत झालेले जांब गाव याच गोदाखोऱ्यात आहे.

पाण्याचा हिशेब

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. जमिनीखाली नद्या वाहतात, पाताळगंगा आहे, खोल गेले की अखूट पाणी लागते, असा समज आपल्याकडे खोल रुजला आहे. खडकाची जबानी याच्या अगदी उलट आहे. घट्ट बेसाल्टच्या अंगी पाणी धरण्याची शक्ती जवळजवळ नाही. पाणी राहते ते वरच्या कुजक्या मुरमात, जाळीदार भागाच्या न बुजलेल्या पोकळ्यांत, घट्ट खडकाच्या भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यावर. मातीच्या रांजणात पाणी भरावे तसे हे नाही. दगडगोट्यांनी गच्च भरलेल्या रांजणाच्या फटींत जेवढे पाणी मावेल, तेवढेच हे आहे.

किती मावते, याचे सरकारी अंदाजांत वापरले जाणारे मान आहे. आपल्या जातीच्या कुजक्या किंवा भेगाळ बेसाल्टमधून विहिरीला मिळू शकणारे पाणी त्याच्या घनफळाच्या सुमारे दोन टक्के धरतात. म्हणजे एक हेक्टर क्षेत्राखाली एक मीटर जाडीचा भिजलेला खडक असेल, तर दहा हजार घनमीटरांतून फक्त दोनशे घनमीटर, अर्थात दोन लाख लिटर पाणी मिळावयाचे.

आता दरसालची जमा पाहा. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साधारण सातशे मिलिमीटर धरू. एका हेक्टरवर तो सत्तर लाख लिटर होतो. कुजक्या बेसाल्टमध्ये त्यांतील सुमारे सात टक्के पाणी मुरून भूजलाला मिळते, असे त्याच अंदाजांतील मान आहे. म्हणजे झाले सुमारे पाच लाख लिटर. बाकीचे वाहून जाते, वाफ होऊन जाते किंवा पिके आणि गवत पितात. ही पाच लाख लिटरांची जमा दोन टक्क्यांच्या फटींत भरली की विहिरींची पातळी सुमारे अडीच मीटर वर चढते.

आणि खर्च? एका हेक्टरला पाच सेंटिमीटर पाण्याची एक पाळी द्यावयाची तर बरोबर पाच लाख लिटर लागतात. याचा अर्थ असा की, एका हेक्टरवर पडलेल्या पावसातून जे मुरले, ते त्याच हेक्टरला जेमतेम एक पाळी पुरते. ज्या पिकाला वर्षात वीस-पंचवीस पाळ्या लागतात, त्याचा एक हेक्टर म्हणजे आजूबाजूच्या वीस-पंचवीस हेक्टरांच्या वाट्याचे पाणी. ते अधिकचे पाणी शेजाऱ्याच्या विहिरीतून, किंवा पुढच्या पिढीच्या ठेवीतून येते. निसर्गाच्या नियमाने या हिशेबात तिसरी शक्यता नाही. धरणाचे किंवा कालव्याचे पाणी जेथे पोचते तेथे हिशेब थोडा बदलतो. पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा जिल्ह्याच्या दक्षिण भागातून जातो. पण भोकरदन, जाफराबाद, बदनापूरच्या माळाला तो आधार नाही.

भोक खोल का जात गेले?

खडकाशी झगडण्याच्या इतिहासात जालन्याचे एक स्थान आहे, ते फार थोड्यांना माहीत असते. १९६० नंतरच्या दशकात कठीण खडकात हवेच्या दाबाने चालणाऱ्या यंत्राने भोके घेण्यास आरंभ झाला. पूर्वी ज्याला अनेक दिवस लागत ते काम काही तासांत होऊ लागले. परंतु भोकावर बसविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप टिकेनात. ते पंप एका कुटुंबाच्या वापरासाठी घडविलेले, आणि येथे सारा गाव दिवसभर हापसणार! जालन्याच्या मिशनच्या कामगारांनी पोलादाचा, एकाच कण्यावर हलणारा मजबूत पंप तयार केला. तो 'जालना पंप' म्हणून ओळखला गेला. पुढे सोलापूरला त्यात सुधारणा झाली, आणि १९७० नंतरच्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने त्यातून 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप घडला. आज तो आशिया आणि आफ्रिकेतील असंख्य खेड्यांत उभा आहे. आपल्या काळ्या पाषाणाने केलेली अडवणूक जगाच्या उपयोगी पडली, असे म्हणावयास हरकत नाही.

हापसा माणसाच्या हाताच्या बळावर चालतो. म्हणून तो खडकाच्या कुवतीबाहेर पाणी काढीत नाही. वीजपंप आला आणि हे बंधन सुटले. १९७२ च्या दुष्काळानंतर विहिरी खोल गेल्या, त्यांच्या तळाशी आडवी बोअरे मारली गेली, आणि पुढे शेतोशेती उभ्या कूपनलिका झाल्या. पाणी खाली गेले की भोक खाली, भोक खाली गेले की पाणी आणखी खाली, अशी ही शर्यत चालली. या शर्यतीत खडक कोणाच्याच बाजूचा नाही. जसजसे खोल जावे तसतशा वरच्या भाराने भेगा मिटत जातात, पोकळ्या स्फटिकांनी भरलेल्या आढळतात, आणि पाणी लागण्याचा संभव कमी होतो. खोलवर एखाद्या सांध्यात जोराचे पाणी लागतेही, पण ते पुष्कळदा फार सावकाश साचलेले असते आणि उपसल्यावर तितक्याच सावकाश भरते. पहिल्या वर्षी फवारा, दुसऱ्या वर्षी धार आणि तिसऱ्या वर्षी धूळ, हा अनुभव आपल्या भागात नवा नाही.

२०१२-१३ च्या दुष्काळात याची किंमत कळली. राज्यातील अत्यंत होरपळलेल्या जिल्ह्यांत जालना होता. ज्या मोसंबीने या जिल्ह्याचे नाव बाजारपेठांत नेले, तिच्या बागा वाळल्या आणि तोडाव्या लागल्या. मोसंबीचे झाड उभे करण्यास वर्षे लागतात, जाळावयास एक उन्हाळा पुरतो. महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमाने, जो २००९ चा असून २०१४ मध्ये अमलात आला, शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई केली आहे. हा आकडा कोणाच्या लहरीने ठरलेला नाही. पाऊस दरवर्षी ज्याची भरपाई करू शकतो, तो खडक बहुतांशी त्याच्या वरच आहे. कायदा किती पाळला जातो, हे श्रोत्यांनीच आपापल्या शेजारी पाहावे.

करावयाचे काय?

खडकाची रचना समजली की उपायही त्याच रचनेतून निघतात. पहिला, जागा ओळखणे. नाल्याच्या सखल भागात, जेथे मुरूम जाड आहे आणि खाली जाळीदार थर आहे, तेथे विहिरीला पाणी अधिक राहते. माळाच्या माथ्यावर, जेथे घट्ट खडक हातभर मातीखाली आहे, तेथे पैसा पुरू नये. शासनाची भूजल सर्वेक्षण यंत्रणा विहिरींची पातळी नियमाने मोजते. तिची माहिती घेण्यास पाणाड्याच्या दक्षिणेहून अधिक खर्च येत नाही.

दुसरा उपाय मुरविण्याचा. पाणी उंचावर, जेथे मुरूम उघडा आहे तेथे अडविले तर ते खडकात शिरते. खाली काळ्या चिकणमातीवर अडविले तर उन्हाने उडते. म्हणून पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करावयाचे असते. जालना तालुक्यातील कडवंची गावाने हे करून दाखविले आहे. १९९६ च्या सुमारास तेथे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या पुढाकाराने आणि श्री. विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाने पाणलोटाचे काम सुरू झाले, आणि कोरडवाहू म्हणून ओळखले जाणारे गाव द्राक्षांसाठी ओळखले जाऊ लागले. मात्र येथे एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. पावसाचे वाहते पाणी शेततळ्यात साठविणे वेगळे, आणि विहिरीचे पाणी उपसून शेततळ्यात भरणे वेगळे. खडकाच्या सावलीत सुरक्षित असलेले पाणी वर काढून उन्हात ठेवणे, याला साठवण म्हणता येत नाही.

तिसरा उपाय नगरवासीयांचा, आणि या सभागृहातील बहुतेक जण त्यात मोडतात. 'जालना सोने का पालना' ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. पण त्या पाळण्याला पाणी पाजणारी घाणेवाडीची आणि मोती तलावाची सोय पूर्वजांनी केली होती, हे क्वचित सांगतो. आज शहराला जायकवाडीचे पाणी दुरून नळाने येते. तरीही घराच्या छपरावर पडणारा पाऊस आपलाच आहे. शंभर चौरस मीटर छपरावर सातशे मिलिमीटर पावसाचे सत्तर हजार लिटर होतात. त्यांतील पाचवा भाग वाया गेला तरी छप्पन हजार उरतात. पाच माणसांच्या घरात रोज पाचशे लिटर लागतात असे धरले, तर ते तीन महिन्यांहून अधिक दिवस पुरतील, किंवा गाळून आडात सोडले तर खडकाच्या फटी भरतील. घाणेवाडीतील गाळ काढण्यासाठी नागरिकांनी पूर्वी कंबर कसली होती. कुंडलिकेचे पात्रही तीच अपेक्षा करीत आहे. नदीच्या पात्रात जागोजाग भेगाळ खडक उघडा असतो, आणि मुरण्याची ती उत्तम जागा असते. तेथे आपण सांडपाणी सोडले तर तेही त्याच भेगांनी आपल्याच विहिरीत येईल. खडक चांगले आणि वाईट पाणी निवडीत बसत नाही.

बेसाल्टचा थर निर्माण होण्यास निसर्गाला एक उद्रेक पुरला. त्याचा वरचा चार-दोन परसांचा भाग कुजवून पाणी धरण्याजोगा करण्यास मात्र लाखो वर्षे लागली. आपली सारी शेती, सारी गावे आणि सारे आड त्या पातळ पापुद्र्यावर जगत आहेत. खाली शेकडो मीटर खडक आहे, पण पाण्याचा आधार वरच्या पापुद्र्याचाच आहे. वर्षाला अडीच मीटर जमा आणि तेवढाच खर्च, एवढे साधे अंदाजपत्रक गावोगावी पावसाळा संपताच ग्रामसभेत मांडले जावे आणि त्याप्रमाणे रब्बीची पिके ठरावीत. हे काम तज्ज्ञांवाचून अडत नाही. आडात दोरी सोडून पातळी मोजणे कोणालाही जमते. येत्या दसऱ्याला आणि पुन्हा गुढीपाडव्याला प्रत्येकाने आपल्या आडाची पातळी मोजून लिहून ठेवावी. दोन आकड्यांमधील फरक आपल्या गावचा हिशेब आपणच सांगेल.